मेलेल्या माकडाची वर्दी

प्लेगच्या दिवसांत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत एक वाक्प्रचार सर्वतोमुखी झाला होता: ‘उंदीर पडू लागले’. आढ्यावरून, कणगीमागून, चुलीच्या आडोशातून उंदीर बाहेर येऊन दिवसाढवळ्या मरून पडू लागले की जाणती माणसे वैद्याची वा सरकारची वाट न पाहता घराला कुलूप घालीत आणि माळावर झोपड्या बांधून राहायला जात. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत पोचवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगाने दाखवले. परंतु विद्वानांच्या दरबारात त्याचे म्हणणे रुजू व्हायला मुंबईतील प्लेग संशोधन मंडळाचे काम पुरे होईपर्यंत आणखी काही वर्षे जावी लागली. खेड्यातल्या माणसाला पिसवेचे कर्तृत्व ठाऊक नव्हते. उंदराचे मरण आणि आपले मरण यांचा क्रम मात्र त्याला पक्का ठाऊक होता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात रोगाचे निदान केल्यावर सरकारने जो बंदोबस्त आरंभला, त्यात घरांच्या झडत्या होत्या, विलगीकरणाच्या छावण्या होत्या आणि १८९७ चा साथरोग कायदा होता. परंतु उंदीर पडल्याची वर्दी कोणी, कोणाला आणि कोणत्या भरवशावर द्यावी, याचा विचार त्या बंदोबस्तात आरंभी फारसा नव्हता.

प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या साथींचा प्रश्न आज तीन अंगांनी चर्चिला जातो. रोग कोणत्या परिस्थितीत उगवतो हा परिस्थितिकीचा प्रश्न; त्याची चाहूल कोठे आणि कशी घ्यावी हा टेहळणीचा; आणि तो आलाच तर कोणत्या तयारीने त्याला सामोरे जावे हा पूर्वसिद्धतेचा. प्रस्तुत आढाव्यात हाच क्रम ठेवला आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः सह्याद्रीतील माकडतापाचे घेतले आहे, कारण त्याच्या सत्तरेक वर्षांच्या इतिहासात या वादाच्या बहुतेक सर्व बाजू आपल्या अंगणातच पाहायला मिळतात. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून तो जगभर पसरणारी महासाथ होण्याचा संभव नाही, हे आधीच नमूद करणे इष्ट. परंतु ज्या शाळेत धडा स्वच्छ शिकता येतो, ती लहान असली म्हणून बिघडत नाही.

क्यासनूरचे रान

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर या रानाच्या आसपास, वानरे आणि माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ रानात जाणाऱ्या माणसांना तीव्र ताप, अंगदुखी आणि रक्तस्राव होऊ लागला. माकडे मरताहेत म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वराचा आला, आणि तो खरा असता तर आशिया खंडावर मोठेच अरिष्ट कोसळले असते. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तपास हाती घेतला आणि या तापाचा, म्हणजेच माकडतापाचा, विषाणू सायबेरियाकडील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद असला तरी स्वतंत्र आहे आणि गोचिडीच्या चाव्यातून पसरतो, असे निष्पन्न झाले. टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांची नावे या तपासाशी निगडित आहेत.

या गोचिडीचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद उलगडत नाही. तिची पिल्ले उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी आणि माकडे यांच्या रक्तावर वाढतात; पूर्ण वाढलेली गोचीड गुरांच्या अंगाला चिकटते. गुरे स्वतः विषाणूचा साठा होत नाहीत, परंतु गोचिडींचे पोषण करतात. माकड मात्र रोगाने मरते, आणि त्याचे शव थंड पडू लागले की अंगावरच्या शेकडो गोचिडी उतरून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. मेलेल्या माकडाभोवतीचे रान म्हणूनच जिवंत माकडाभोवतीच्या रानाहून अधिक घातक असते, आणि सरपण, पातेरा किंवा गुरे यांच्या निमित्ताने तेथे पाय ठेवणारा मनुष्य, ज्याचा या चक्राशी वास्तविक काही संबंध नाही, तो त्यात अनाहूतपणे सापडतो. बाधितांपैकी शेकडा तीन ते पाच दगावतात.

अनेक दशके हा रोग शिमोग्याच्या आसपासचा म्हणूनच गणला गेला. पुढे तो दक्षिणेस बंदीपूर, निलगिरी आणि वायनाड या भागांत आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी तो दाखल झाला, व नंतर बांदा-सावंतवाडीकडे सरकला. ‘दाखल झाला’ हा शब्द मी जरा बिचकतच वापरतो. रोग खरोखर चालत आला की तो आधीपासून होता आणि ओळखला तेवढा उशिरा, याचा निकाल लागलेला नाही. कच्छ-सौराष्ट्रातील लोकांच्या रक्ताचे जे नमुने १९५२ मध्ये घेतले गेले, म्हणजे क्यासनूरच्या पाच वर्षे आधी, त्यांतही या विषाणूच्या प्रतिपिंडांचा माग लागला होता, ही गोष्ट ‘नवा रोग’ म्हणताना विसरता येत नाही.

रान तोडल्याने रोग येतो काय?

परिस्थितिकीच्या पक्षाची मांडणी सर्वांत आधी आणि सर्वांत नेटकेपणाने होर्हे बोशेल या संशोधकाने १९६९ मध्ये केली. त्यांचे म्हणणे असे की, लोकसंख्या वाढली, रान मोडून शेती आली, शेतीबरोबर गुरे रानात शिरली, आणि रानाच्या कडेला जी मिश्र झुडुपी भूमी तयार झाली तीत गोचिडींची बेसुमार वाढ होऊन, एरवी उंदरांच्या आणि चिचुंद्र्यांच्या जगात शांतपणे नांदणारा विषाणू उफाळून वर आला. पुढे जगभरच्या नोंदींवरून २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने १९४० ते २००४ या काळातील ३३५ नवोदित रोगघटनांची छाननी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ६० टक्के प्राण्यांपासून आलेल्या आणि त्यांतील सुमारे ७२ टक्के वन्य प्राण्यांपासून आलेल्या निघाल्या. बोशेलच्या मांडणीला त्यामुळे जणू जागतिक पाठबळ मिळाले.

या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र सह्याद्रीतला नसून ऑस्ट्रेलियातला आहे. तेथे १९९४ पासून हेंड्रा नावाचा विषाणू फलाहारी वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून क्वचित माणसांना बाधत आला आहे. १९९६ पासूनच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून पेगी एबी, रैना प्लाउराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हिवाळ्यात फुलणारी रानझाडे तोडली गेल्यामुळे उपाशी वटवाघळे वस्तीजवळ मुक्काम करू लागली आणि त्यातून प्रादुर्भाव घडले. ज्या हिवाळ्यात उरल्यासुरल्या रानाला बहर आला, त्या हिवाळ्यात वटवाघळे रानात परतली आणि प्रादुर्भाव थांबले. या विषयात इतका स्वच्छ कार्यकारणभाव क्वचितच हाती लागतो.

प्रतिपक्षाचे म्हणणेही तितकेच लक्षपूर्वक ऐकावे लागते. रानातील जातींची विविधता जितकी अधिक, तितका रोग विरळ होतो, हे तत्त्व रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि फेलिसिया कीसिंग यांनी अमेरिकेतील लाइम रोगाच्या अभ्यासातून मांडले. परंतु ते सर्वत्र लागू पडत नाही, काही ठिकाणी विविधता वाढली की रोगही वाढतो, असा आक्षेप २०१२ पासून जोराने घेतला गेला, आणि निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज करणाऱ्यांनीही परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले. माकडतापाच्या बाबतीत अलीकडच्या नकाशांनी असे दाखवले आहे की, सर्वाधिक धोका ना दाट रानात आहे ना उघड्या माळावर; तो सदाहरित रान, लागवडी आणि गुरे यांची सरमिसळ झालेल्या पट्ट्यात आहे. मग रान वाढवावे की कमी करावे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला सरळ उत्तर नाही. या प्रकरणाची एक बाजू मला लाजिरवाणी वाटते: गोचीड, उंदीर आणि गुरे यांच्या नात्याविषयी आज जो पुरावा उद्धृत केला जातो, त्यातील बराच मोठा भाग विषाणू केंद्राच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतील रानभटकंतीचा आहे. पुढे प्रयोगशाळा मोठ्या झाल्या, रानातले पाय कमी झाले.

विषाणूच्या शोधात, की तापाच्या?

टेहळणीविषयीचा वाद गेल्या पंधरा वर्षांत सर्वाधिक पेटला. अमेरिकी सरकारच्या ‘प्रेडिक्ट’ या उपक्रमाने २००९ पासून दहा वर्षांत सुमारे वीस कोटी डॉलर खर्चून निरनिराळ्या देशांतील वटवाघळे, उंदीर आणि माकडे यांच्यातून हजाराच्या आसपास विषाणू गोळा केले. त्याच धर्तीवर २०१८ मध्ये ‘ग्लोबल व्हायरोम प्रोजेक्ट’ची तजवीज पुढे आली: पृथ्वीवर सस्तन प्राण्यांत व पक्ष्यांत सुमारे १६ लाख ७० हजार अज्ञात विषाणू असावेत, त्यांतील सहा ते आठ लाख माणसाला बाधू शकतील, आणि दहा वर्षांत सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास खर्च केल्यास त्यांची बहुतांश शिरगणती करता येईल. वैऱ्याची नामावळी आधी हाती असली तर लस आणि औषध आधी तयार ठेवता येईल, हा या पक्षाचा युक्तिवाद.

त्याच वर्षी एडवर्ड होम्स, अँड्र्यू रॅम्बॉ आणि क्रिस्टियन अँडरसन यांनी ‘नेचर’मध्ये त्याला उत्तर दिले. विषाणूंचा पट इतका अफाट आणि चंचल आहे की यादी पुरी होण्यापूर्वीच जुनी होईल. शिवाय यादीतील कोणता विषाणू माणसात उतरेल हे त्याच्या जनुकांवरून सांगता येत नाही. त्यापेक्षा जेथे माणूस आणि जनावर यांचा संबंध दाट आहे तेथील माणसांच्या तापाकडेच डोळ्यांत तेल घालून पाहावे. वुहानच्या साथीनंतर या वादात तिसरा आवाज मिसळला: रानातून विषाणू गोळा करून प्रयोगशाळेत आणणे हेच संकटाला आमंत्रण नव्हे काय? त्या साथीच्या उगमाविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्ये उपलब्ध पुराव्याचा कल प्राण्यांकडून प्रादुर्भाव झाल्याकडे आहे असे म्हटले, परंतु चीनकडून आवश्यक माहिती न मिळाल्यामुळे कोणतीच शक्यता निकालात काढता येत नाही, हेही नोंदवले. तो प्रश्न तसाच उघडा आहे. ‘प्रेडिक्ट’नंतरचा तशाच प्रकारचा अमेरिकी उपक्रम २०२३ मध्ये गुंडाळला गेला, त्याच्यामागे विषाणू गोळा करण्याच्या धोक्याची हीच धास्ती होती.

विषाणू शोधल्याने काय साधते आणि काय बिघडते, याचे घरचे उदाहरण महाबळेश्वरचे आहे. तेथील एका गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या अस्तित्वाचा पुरावा पुण्याच्या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. शास्त्रदृष्ट्या ही मोलाची नोंद. पण गुहेतील वटवाघळाला हाकलायला निघालेल्या माणसाला ती नोंद कशी समजावून सांगायची, याची तजवीज अशा शोधनिबंधात नसते.

टेहळणीत गोळा झालेला नमुना कोणाचा आणि कोणाच्या कामाचा, हा प्रश्नही नवा नाही. क्यासनूरचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांनी उत्तरेकडून आणला असावा, या तर्कापोटी सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम आरंभले. तर्क काही सिद्ध झाला नाही. त्यातून भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी अमोल ज्ञान मिळाले. परंतु पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका सर्वेक्षणाचे द्रव्यसाहाय्य मिळाल्याने सत्तरच्या दशकाच्या मध्यात संसदेच्या लोकलेखा समितीपुढे त्याची झडती झाली. रोगाची टेहळणी आणि राष्ट्राची टेहळणी यांतील सीमारेषा कोठे काढावी, यावरचा आजचा वाद त्या जुन्या फायलींत जवळजवळ शब्दशः सापडेल.

खबर आणि खाते

मलेशियात १९९८ च्या अखेरीस डुकरांना एक चमत्कारिक खोकला लागला, मैलभर ऐकू जाईल असा, आणि पाठोपाठ वराहपालक मेंदूज्वराने मरू लागले. सरकारने तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर मानून धुरळणी आणि लसीकरण यांत काही महिने घालवले. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो आणि हा प्रौढांना होत होता, तो डुकरांना फारसा मारीत नाही आणि येथे डुकरे धापा टाकीत होती. हे वराहपालक सांगत होते, पण त्यांचे सांगणे अर्थपूर्ण ठरवील असे कोणते खातेच नव्हते. मार्च १९९९ मध्ये छुआ काव बिंग या तरुण संशोधकाने निपाह विषाणू वेगळा केला, तोवर बाधित डुकरे विक्रीसाठी दक्षिणेकडे गेलीही होती. एकूण १०५ माणसे दगावली आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. फळबागा आणि वराहशाळा एकमेकींना खेटून असल्याने वटवाघळांची उष्टी फळे डुकरांच्या तोंडी गेली, हा उलगडा मागाहूनचा. याउलट २०१८ मध्ये कोळिकोडच्या डॉक्टरांनी एकाच घरातील आजाऱ्यांवरून काही दिवसांतच निपाहचा संशय घेतला, मणिपाल व पुणे येथील प्रयोगशाळांनी त्यास दुजोरा दिला, आणि १७ मृत्यूंवर साथ आटोपली. रोग तोच, विषाणू तितकाच मारक. फरक पडला तो संशय घेण्याची सवय असलेल्या माणसाला लगेच उत्तर मिळण्याने.

आपल्या राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत एक नोंद आहे, एकोणतिसावी: माणसे, जनावरे वा वनस्पती यांना बाधणारे संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे. घटनाकारांनी तिघांना एका ओळीत बसवले. कारभाराने माणूस आणि जनावरे यांनाच तीन दफ्तरांत वाटले. माणूस आरोग्य खात्याचा, गाय पशुसंवर्धनाची, माकड वनखात्याचे. आणि माकडाच्या अंगावरून गाईवर आणि गाईवरून पायवाटेवर जाणारी गोचीड कोणाचीच नव्हे. २००४ पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात तापाचा आकडा नियमितपणे वर कळवला जातो, परंतु ती व्यवस्था मुळात माणसाच्या आजाराभोवती उभी आहे. माणसाचे, प्राण्याचे व परिसराचे आरोग्य एकच मानणारी ‘वन हेल्थ’ ही संकल्पना या फटी बुजवण्यासाठी पुढे आली, तिची राष्ट्रीय संस्था नागपुरात उभारण्याची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसली. अशा संस्थेची निकड त्याच नागपुरात दिसून आली: गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले.

एकत्र मंडळे नेमली म्हणजे खबर आपोआप वर येईल, असे मानणारे आणि खबर देणाऱ्याचा तोटा भरून दिल्याशिवाय ती येणार नाही असे मानणारे, असे दोन तट या ठिकाणी पडतात. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तेव्हा परिसरातील लक्षावधी कोंबड्या मारल्या गेल्या आणि दूरवरच्या, निरोगी कोंबड्यांचाही बाजार बसला. अशा वेळी पहिली कोंबडी मेली म्हणून धावत वर्दी देणारा मनुष्य शेजाऱ्यांच्या दृष्टीने गावाचा हितकर्ता असतो की वैरी? नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची प्रामाणिक खबर दिली आणि बक्षीस म्हणून तिच्या विमानांना दारे बंद झाली. तिढा तोच, फक्त परसाच्या जागी देश.

सज्जतेची मोजमापे

सज्जता मोजण्याचे शास्त्र अद्याप बाल्यावस्थेत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरे होते. पुढच्याच वर्षी कोविडच्या साथीत त्यांचे काय झाले ते जगाने पाहिले. लशीवर भिस्त ठेवणारा पक्ष, रोगाचा उपद्रव कोठे होईल हे कळो न कळो, उत्तर शंभर दिवसांत तयार झाले म्हणजे पुरे, असे म्हणतो. परिस्थितिकीवाल्यांचे म्हणणे असे की, वर्षाला दोन-तीन हजार कोटी डॉलर रानांच्या, वन्यव्यापाराच्या आणि पशुआरोग्याच्या बंदोबस्तावर खर्चले तर महासाथीच्या तोट्याच्या मानाने ते नगण्य ठरतील. दोन्ही हिशेबांत पैसे कोणाच्या खिशातून आणि लस कोणाच्या दंडात, हा प्रश्न मागे उरतो. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार संमत केला. पण ज्या देशाने विषाणूचा नमुना द्यायचा त्याला त्यापासून बनलेल्या लशीचा वाटा कसा मिळावा, हा कळीचा भाग स्वतंत्र परिशिष्टावर ढकलला गेला. इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणे नाकारून हाच प्रश्न विचारला होता.

माकडतापाची लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात होती. दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर जोडल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते असे एका पाहणीत आढळले, पण सुई दुखे, मात्रा पुन्हापुन्हा घ्याव्या लागत, म्हणून लोक मधेच सोडून देत. लशीची शक्तीही ओसरत गेली आणि शेवटी तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम चालू आहे. तोवर अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल, मेलेल्या माकडाभोवती मॅलॅथिऑनची भुकटी आणि रानात न जाण्याचा सल्ला, एवढीच शिदोरी. त्या सल्ल्याची अडचण पंचांगात आहे. विषाणू वाहणारी गोचिडीची पिल्ले डिसेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात असतात; दोडामार्ग आणि सत्तरीत काजूची बोंडे फेब्रुवारीपासून मेपर्यंत पडतात, आणि ती त्याच पाचोळ्यातून वेचावी लागतात.